शेवटची ओळ वाचू नये

महाल, नागपूर
९ जानेवारी १९८३

चि. मार्तंडास अनेक आशीर्वाद.

ओळी वर-खाली गेल्या तर समजून घे. एकोणचाळीस वर्षं मुलांच्या अंगावर 'ओळ सोडू नका' म्हणून ओरडले, त्याचं हे फळ.

पुढचं वाचण्याआधी सुभद्राला चहा टाकायला सांग आणि खुर्चीवर बस. बसलास? नाकेदाराला कॅन्सर झाला आहे.

नाकेदार म्हणजे माझा कुत्रा, हे तुला ठाऊक आहे. पण एकाही पत्रात तू त्याची चौकशी करत नाहीस, म्हणून पुन्हा ओळख करून देते. मी कामठीच्या शाळेत जायची तेव्हा आमची बस रोज जकात नाक्यावर थांबायची. कारकून टपावरचा माल बघायचे आणि हा आत चढून एकेकाची थैली हुंगायचा. सगळी बस तपासून झाली की उतरायचा. पुढे तो नाका दुसरीकडे हलवला. माणसं गेली, टेबल-खुर्ची गेली, हा तिथंच राहिला. मी रिटायर झाले त्या दिवशी बसमधून पाहिलं, तर रिकाम्या खोपटापुढे बसून जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रका बघत होता. आम्हा दोघांची नोकरी एकदमच सुटली होती. मी उतरले आणि त्याला घेऊन आले. तेव्हापासून नाका माझ्या दारात आहे. थैली हुंगल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. बिस्किटाचा तुकडा भरला की शेपूट हलते, ती पावती.

दिवाळीपासून त्याला शिंका येत होत्या. मग डाव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं आणि नाक सुजून वाकडं झालं. शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या, "हळद भर वं यमुताई, सर्दी झाली असन त्याले." हळद भरली, ती त्याने शिंकून माझ्याच तोंडावर परत केली. शेवटी धोंडबाची सायकलरिक्षा बोलावली. "कुत्र्याचं भाडं अलग लागन बाई," म्हणाला. नाकेदाराने त्याची भाकरीची पुडी हुंगली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून दिलं. भाडं अलग लागलं नाही.

व्हेटर्नरी कॉलेजात डॉक्टर कोण निघावा? माझ्या वर्गातला गिरिधर! दोनच्या पाढ्याला रडणारा पोरगा आता बैलाच्या तोंडात हात घालतो. नाक तपासून म्हणाला, "बाई, गाठ खराब आहे. पण ह्या जातीची गाठ औषधाले ऐकते." औषध माणसांच्या कॅन्सरचंच. दर आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं. वय दहा-अकरा असलं तरी काळीज दणकट आहे, सोसेल म्हणतो. नाही दिली तर दोन-तीन महिने, आणि तेही श्वास कोंडून.

औषध इथे मिळत नाही, मुंबईत मिळतं. नाव वेगळ्या चिठ्ठीवर गिरिधरच्या अक्षरात आहे. घाबरू नकोस, पैसे मागत नाही. किंमत तेवढी विचारून कळव.

तुझी,
यमुताई

*

मुलुंड, मुंबई
१५ जानेवारी १९८३

ती. यमुताईस साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही. कागदोपत्री मंजूर करावा.)

विषय: कुत्र्याचा कॅन्सर.
संदर्भ: तुझे दि. ९ चे पत्र.

ताई, पत्र वाचून मी आधी हसलो. मग सुभद्राला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली नाही. उत्तरा तर डोळे पुसत आत गेली. म्हणजे घरात शहाणा मी एकटाच उरलो.

तरी सांगितलंस म्हणून ऑफिस सुटल्यावर परळच्या औषधाच्या दुकानात गेलो. चिठ्ठी पाहून दुकानदाराने विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, नात्यातला आहे. "वय?" म्हटलं, दहा. त्या माणसाने आतून स्टूल आणून मला बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. "धीर धरा," म्हणाला. मला बसावंही लागलं आणि पाणीही प्यावं लागलं.

एका कुपीचे साठ रुपये. बर्फात ठेवावी लागते. सहा कुप्या म्हणजे तुझी महिन्याची पेन्शन संपून वर उधारी. माझं स्पष्ट मत, करू नकोस. दहा वर्षांचा कुत्रा म्हणजे आपल्याकडचा सत्तरीचा म्हातारा. त्यापेक्षा तुझ्या डोळ्यांचं बघ. ओळी वर-खाली का जातात ते मला कळत नाही असं समजू नकोस. मोतीबिंदू आहे तो, मुलांचा शाप नव्हे.

मी मदत केली असती, पण मे महिन्यात उत्तराचं लग्न आहे. सुभद्राने संसाराच्या भांड्यांची यादी केली आहे, ती स्वयंपाकघरातून सुरू होऊन जिन्यापर्यंत जाते.

आणि खरं सांगू? कुत्रा म्हटलं की मला शुक्रवारी तलाव आठवतो. सहा वर्षांचा होतो, तिथेच कुत्रा चावला. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, आणि चौदाही दिवस तू मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलंस. तुझी पाठ मी विसरलो नाही. पण कुत्राही विसरलो नाही.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोलशील अशी आशा.

तुझा,
मार्तंड

*

महाल, नागपूर
२० जानेवारी १९८३

चि. मार्तंडास आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा जकातीत गेला. दुकानदाराला तू 'नात्यातला आहे' म्हणालास, त्या एका वाक्यासाठी बाकीचं पत्र तुला माफ.

दोन कुप्यांपुरते पैसे माझ्याजवळ आहेत. गिरिधरचा मित्र मुंबईहून येताना त्या आणतो आहे. पहिली सुई १ फेब्रुवारीला, मग दर मंगळवारी. गिरिधरने बजावलं आहे, एकदा सुरू केलं की मधे खंड पडता कामा नये, नाहीतर गाठ औषधाला जुमानत नाही. म्हणजे राहिल्या चार. त्या मिळवायचा मार्ग मला काल देवपूजा करताना सुचला, आणि पूजा तशीच राहिली.

नीट ऐक. बाबा गेले आणि मी एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले. तेव्हापासून महालातल्या एकाही मुंजीत, लग्नात, बारशात मी रिकाम्या हाताने जेवले नाही. कुणाला खण, कुणाला पातेलं, कुणाला घड्याळ. आहेर हा फिरता मामला आहे हे शेंबडं पोरही जाणतं. आज तुमच्या घरी गेला, उद्या माझ्याकडे कार्य निघालं की फिरून यायचा. पण माझ्याकडे कार्यच निघालं नाही! लग्न नाही म्हणून बारसं नाही, बारसं नाही म्हणून मुंज नाही. चाळीस वर्षं गेलेला आहेर बाहेरच फिरतो आहे.

येत्या ६ फेब्रुवारीला मला साठ पुरी होतात. बाईची साठी कोणी करत नाही. नवऱ्याच्या साठीला शेजारी पाटावर बसायचं, झालं. मला नवरा नाही, तेव्हा अख्खा पाट माझा. महालात मी तोंडी सांगून टाकलं आहे. रुखमाबाई कालच भांड्यांच्या दुकानात जाऊन आल्या.

ही भीक नव्हे, मार्तंडा, वसुली आहे.

फक्त स्वतःच्या साठीची पत्रिका स्वतःच्या नावाने काढणं बरं दिसत नाही. निमंत्रक तू. मजकूर लिहून सरळ वामनरावाकडे पाठव. तुझा वर्गमित्रच तो, छापखाना जुन्याच जागी आहे.

तुझी,
यमुताई

*

मुलुंड, मुंबई
२५ जानेवारी १९८३

ती. यमुताईस नमस्कार.

कल्पना मला पसंत नाही, पण तुझ्यापुढे माझं कधी चाललं आहे? मजकूर आजच वामनरावाकडे टपालाने रवाना केला. मोजका आणि आपल्या घराला शोभेल असा केला आहे. प्रूफ बघायची तसदी तू घेऊ नकोस. डोळ्यांना ताण नको. वामनराव बघून घेईल.

रजा सगळी लग्नासाठी राखून ठेवली आहे, म्हणून मला येता येणार नाही. सुभद्राचा आणि उत्तराचा नमस्कार. वडाभात कर. साठीला तो हवाच.

तुझा,
मार्तंड

*

महाल, नागपूर
७ फेब्रुवारी १९८३

मार्तंड,

आशीर्वाद शेवटी देईन, दिलाच तर.

काल कार्य झालं. एकशे बारा माणसं जेवली. वडाभात, कढी, पाटवड्या, पुरणपोळी. दोन कुप्यांनंतर जे काही शिल्लक होतं ते सगळं त्या पंगतीत गेलं, कारण आहेरातून भरून निघेल अशी माझी खात्री होती. नाकेदार दारात ड्यूटीवर होता. त्याने एकूण एक माणसाचे हात हुंगले. सगळे रिकामे. पंधरा-वीस माणसं गेल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं आपलं नाक साफ गेलं. मला वाटलं लोक पाकिटं आणून निघताना देणार. लोक निघाले, वाकून नमस्कार करून गेले. विडा मात्र प्रत्येकाने दोन-दोन घेतला.

सगळ्यात शेवटी रुखमाबाईंना विचारलं, म्हणजे आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "काहून वं, पत्रिकेत लिवलं होतं ना! मी तं पातेलं घेऊन, त्याच्यावर नाव घालून ठेवलं होतं. मंग पत्रिका आली. आता नाही म्हटल्यावर कसं आणाव? लोकं म्हणतीन, रुखमाले वाचता येत नाही."

पत्रिका उन्हात नेली आणि भिंग लावून वाचली. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.'

मी तशीच चपला घालून वामनरावाकडे गेले. वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेतली जुळवलेल्या खिळ्यांची ओळ चुकून राहून गेली असेल. तो बिचारा घाबरला. त्याने फाइलीतून मूळ कागद काढून दाखवला. अक्षर मला ओळखता येतं, मार्तंड. ते मीच गिरवून घेतलं होतं.

पहिल्या सुईने सहाव्या दिवशी रक्त थांबलं आहे. काल रात्री तो कित्येक महिन्यांनी तोंड मिटून झोपला. उद्या दुसरी सुई. पुढच्या मंगळवारची कुपी नाही, आणि आता पैसेही नाहीत. तू घराची अब्रू राखलीस. माझा कुत्रा मात्र त्यात जाणार.

आशीर्वाद आहेत. ते द्यावेच लागतात.

यमुताई

*

मुलुंड, मुंबई
११ फेब्रुवारी १९८३

ती. ताई,

विषय-संदर्भ काही नाही. चूक माझी आहे.

ती ओळ मी लिहिली, आणि तुला कळू नये म्हणूनच प्रूफ बघू नकोस असं सांगितलं. तुझ्या डोळ्यांचा फायदा घेतला, हे सुभद्राने मला काल जेवताना सांगितलं आणि वर भाजी वाढली नाही. उत्तरा तर बोलतच नाही.

मला एवढंच वाटत होतं की माझ्या बहिणीला साठाव्या वर्षी लोकांपुढे हात पसरावा लागला असं कोणी म्हणू नये. माझी फी तू भरलीस. माझ्या लग्नात तुझ्या नावाने आलेली दोन लुगडीसुद्धा तू सुभद्राला देऊन टाकलीस. हे सगळं घेणारा मी, आणि तुझ्या वतीने 'काही नको' म्हणणाराही मीच. तो हात पसरलेला नव्हता, ताई. चाळीस वर्षं देत आलेला हात होता. हे मला लिहिताना सुचलं नाही, तुझं पत्र वाचल्यावर सुचलं.

आता कामाचं. लग्नासाठी मी सूट शिवायला टाकणार होतो. कोट आणि धोतर मला जास्त शोभतं, असं सुभद्राने आज ठरवलं आहे. त्यातून दोन कुप्या घेतल्या. औषधवाल्याने विचारलं, "पोराचं कसं आहे?" म्हटलं, रक्त थांबलं. त्याने काउंटरवरच हात जोडले.

आमच्या खालच्या मजल्यावरचे दादाजी रेल्वेत गार्ड आहेत. त्यांच्याजवळ उद्या बर्फ भरलेला थर्मास देतो आहे. रविवारी सकाळी हावडा मेल नागपूरला येईल तेव्हा गार्डाच्या डब्यापाशी उभी राहा. धोंडबाला बरोबर ने. पत्र वेळेत पोचलं नाही तर म्हणून तारही करतो आहे.

पुढच्या दोन कुप्यांचं अजून सुचलेलं नाही. सुचवतो.

तुझा,
मार्तंड

*

तार
नागपूर, १५ फेब्रुवारी १९८३

तिसरी सुई दिली. नाकेदाराने गिरिधरचा डबा हुंगला. वांगी होती. यमुताई

*

महाल, नागपूर
१८ फेब्रुवारी १९८३

चि. मार्तंडास अनेक आशीर्वाद. (पहिल्या ओळीत आहेत, बघ.)

आता मी सांगते ते मोठ्याने वाच, म्हणजे उत्तरा तुझ्याशी बोलायला लागेल.

मी छापखान्यात जाऊन आल्यापासून वामनरावाच्या मनाला लागून राहिलं होतं. आयुष्यभर त्याने चुका केल्या आणि आयुष्यभर त्यांची शुद्धिपत्रं छापली. तेव्हा याही चुकीला त्याच्याकडे एकच औषध होतं. गुरुवारी त्याने गुलाबी कागदाच्या शंभर चिठ्ठ्या छापल्या आणि ज्या ज्या घरी पत्रिका गेली होती तिथे स्वतः सायकलवर जाऊन वाटल्या. एक तुला पाठवते:

'शुद्धिपत्र. कु. यमुनाबाईंच्या साठीच्या पत्रिकेत शेवटची ओळ नजरचुकीने पडली आहे. तरी ती वाचू नये. तसदीबद्दल क्षमस्व.'

मार्तंडा, लाजेने मेले मी! दार लावून घेतलं. पण पाच वाजता नाकेदार भुंकला. उघडून बघते तर रुखमाबाई, पदराखाली पातेलं. त्यांच्यामागे तेल्याची सून, तिच्यामागे वामनराव स्वतः. रात्री आठपर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात भांडं, कारण पत्रिका येण्याआधीच सगळ्यांनी घेऊन ठेवलेलं. आणि नाकेदार! हात हुंगायचा, भांड्यात तोंड घालायचा, मग बाजूला होऊन वाट द्यायचा. नाक वाजत होतं, पण दोन्ही नाकपुड्यांनी. मी आत जाऊन रडून घेतलं आणि बाहेर येऊन पुन्हा हसून आहेर घेतला.

मी रुखमाबाईंना खरं काय ते सांगून टाकलं की हे सगळं कुत्र्याच्या औषधासाठी आहे. त्या म्हणाल्या, "कुत्र्यासाठी काहून? तुयासाठी आणलं. मंग तू त्याचं काहीबी कर. माया पोरीच्या लग्नात तू घड्याळ देल्लं होतं, ते अजून चालून राहिलं."

तर आता घरात अठरा पातेली, सव्वीस ताटं, वाट्या मोजल्या नाहीत, एक पिंप आणि एक परात आहे. त्या परातीत बसून मी अंघोळ करू शकते. रोख रक्कम शून्य.

दोन पातेली घेऊन दुकानात गेले. म्हटलं, कोरी आहेत, परत घ्या. दुकानदाराने उलटी करून बघितली. "बाई, नाव घातलेलं भांडं कोन घेईन? मोडीत देत असान तं वजनावर घेतो." खरंच, सगळ्यांनी हौसेने नावं घालून घेतली आहेत. 'यमुताईस साठीनिमित्त, अमुककडून.' ही भांडी मोडीत घालायला माझा हात होत नाही. घातली तरी निम्मेही हाती यायचे नाहीत.

चौथी सुई मंगळवारी. ती कुपी आहे, रुखमाबाईंच्या जावयाच्या फ्रिजमध्ये. त्यानंतर १ आणि ८ मार्च. गाठ अर्ध्यावर आली आहे. गिरिधर म्हणतो, "आता सोडलं तं दुप्पट येईन बाई." दोनच राहिल्या रे. इतक्या भांड्यांत बसून मी दोन कुप्यांची काळजी करते आहे.

तुझी,
यमुताई

*

मुलुंड, मुंबई
२३ फेब्रुवारी १९८३

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (आज खरोखर घातला. उठताना उत्तराने हात दिला.)

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. 'अठरा पातेली, सव्वीस ताटं' इथे आलो आणि सुभद्रा उठून आत गेली. तिची यादी घेऊन आली. पातेली सोळा, ताटं चोवीस, परात एक, पिंप एक. 

मला फक्त एक शंका होती. नवीन संसारात सगळ्या भांड्यांवर दुसऱ्याच्या साठीचं नाव, व्याही काय म्हणतील? उत्तरा म्हणाली (हे तिचेच शब्द), "बाबा, तुम्ही पुन्हा शेवटची ओळ घालू नका. आत्याचं नाव असलेल्या ताटात मी जन्मभर जेवेन. कोणी विचारलं तर सगळी गोष्ट सांगेन, कुत्र्यासकट." 

तेव्हा सौदा असा. भांडी आम्ही घेतली. भांड्यांसाठी काढून ठेवलेल्या पैशातून दोन कुप्या आजच घेतल्या, शुक्रवारी दादाजींच्या थर्मासमध्ये जातील. शनिवारी सकाळी तीच गाडी. बाकीची रक्कम तुझ्या डोळ्यांसाठी बाजूला ठेवली आहे. लग्नासाठी येशील ती जूनमध्ये मोतीबिंदू काढूनच परत जाशील. नाही म्हणू नकोस. हा व्यवहार आहे, मदत नव्हे. वसुली कशी करायची ते तुझ्याकडूनच शिकलो.

तुझा,
मार्तंड

ता. क. औषधवाल्याने शेवटच्या दोन कुप्यांचे पाच रुपये कमी घेतले. "मुलाला माझ्यातर्फे खाऊ द्या," म्हणाला. खरं सांगायचा धीर झाला नाही. तो खाऊ तू दे.

*

महाल, नागपूर
२० मार्च १९८३

चि. मार्तंडास अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा झाल्या. काल गिरिधरने बॅटरी लावून नाकात पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. गाठ नाही. "बाई, आता हा म्हाताराच होऊन मरन, कॅन्सरनं नाही," म्हणाला. वर्ष मिळेल, कदाचित दोन. मला चालेल. मीही साठीची आहे, फार लांबचे बेत करत नाही.

औषधाने मिशांचे केस गळले, थोडा वाळला. पण परवा त्याने वामनरावाची थैली धरली आणि सोडेना. वामनराव म्हणे, कागद आहेत. थैली उघडली तर कागदाखाली सावजीकडचं मटण! त्याच्या घरी चालत नाही. माझ्या ओसरीवर बसून खाऊन गेला. जकात म्हणून हाड ठेवलं.

औषधवाल्याचा खाऊ दिला. पाच रुपयांची बिस्किटं म्हणजे आठवडाभर सण होता.

भांडी दोन ट्रंकांत बसतील. ती न्यायला तुलाच यावं लागेल. मुलीच्या लग्नाची अक्षत बापाने स्वतः येऊन द्यायची असते, टपालाने नाही. पाडव्यानंतर ये. रजा नाही म्हणशील तर मी लग्नाला येणार नाही, आणि वामनरावाला शुद्धिपत्र छापायला सांगेन.

दारात कोण बसलेला असतो ते तुला ठाऊक आहे. बांधून ठेवणार नाही, आधीच सांगते.

तुझी,
यमुताई

*

मुलुंड, मुंबई
२२ एप्रिल १९८३

ती. यमुताईस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. ट्रंका पोचल्या. परात गाडीच्या दारात अडकली म्हणून दादाजींनी ती गार्डाच्या डब्यातून आणली. सुभद्रा एकेक भांडं उलटं करून नावं वाचते आहे आणि विचारते आहे, ही कोण, ती कोण. मी सांगतो आहे. निम्म्या महालाची मला नव्याने ओळख झाली.

मोठ्या अक्षरात लिहितो आहे, भिंग लागू नये म्हणून. दोन गोष्टी तुला तोंडावर सांगता आल्या नाहीत.

पहिली. त्या सकाळी मी दारात हाक मारली तेव्हा तू आत पोळ्या लाटत होतीस आणि तुला ऐकू आलं नाही, असं तू म्हणालीस. ताई, पोळपाट वाजत नव्हता. तू मुद्दाम बाहेर आली नाहीस. तो उठला आणि माझ्याकडे आला. माझ्या एका हातात अक्षत, दुसऱ्या हातात पिशवी. चोपन्न वर्षांचा माणूस मी, बेंबीभोवती चौदा जागा दुखायला लागल्या. त्याने सावकाश पिशवी हुंगली, मग बूट, मग अक्षतेची वाटी. नंतर खाली बसला आणि वाट बघत राहिला. मी खिशातून बिस्किट काढून डोळे मिटले आणि हात पुढे केला. हाताला फक्त ओलं नाक लागलं. गार होतं. बिस्किट कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. तुला मी म्हणालो की गाडीत चहाबरोबर खायचं राहिलेलं बिस्किट होतं. खोटं. ते मी निघताना दादरला खास घेतलं होतं.

दुसरी. ट्रंका भरताना तू विचारलंस, मांडणीवर ही स्टीलची खोल वाटी जास्तीची कुठली. मी म्हणालो, रुखमाबाईंची असेल. तेही खोटं. ती मी मुंबईहून आणली आणि तुझा डोळा चुकवून तिथे ठेवली. नाव घालणाऱ्याने विचारलं, नाव कोणाचं? ते सांगितलं. मग विचारलं, कोणाकडून? तिथे मी जरा अडलो. मागे दोन बायका उभ्या होत्या. मग सांगून टाकलं.

जूनमध्ये डोळा झाला की तू स्वतः वाचशीलच. तोवर रुखमाबाईंकडून वाचून घेऊ नकोस, गावभर होईल. मीच लिहितो. आधी त्याला जवळ बसव. बसवलास? वाटीवर एकच ओळ आहे, म्हणजे तीच पहिली आणि तीच शेवटची. ही मात्र वाचावी:

'चि. नाकेदारास, मामाकडून.'